उजेडात बसा, बाई

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांना राग येईल असं नाही. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलेलंच नाही. पण ते नाव मी शेवटचं ज्या कागदावर लिहिलं, त्या कागदानंतर पुन्हा लिहायला माझा हात धजत नाही, एवढंच. तो कागद कुठला ते पुढे येईलच, सांगायचं टाळणार नाही. आणि तसंही केंद्रात त्यांना नावानं कोण हाक मारायचं? सगळे जॉबरच म्हणायचे.

जॉबर म्हणजे यंत्रमागाचा मिस्त्री. माग बिघडला की ज्याला हाक मारायची तो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवले. मालकानं जुने माग भंगारात काढले तेव्हा ते चौपन्न वर्षांचे होते. त्यांच्या बरोबरीचे कुणी वॉचमन झाले, कुणी चहाचा गाडा टाकला. हे आमच्या कुटुंब समुपदेशन केंद्रात आले. घरोघर जायचं, नवरा-बायकोची, बाप-लेकांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची, असं ते काम. ऐकायचं काम, आणि करायला आलाय कोण, तर कान गेलेला माणूस. मुलाखत घेणाऱ्यांत मी होते. वय एकोणतीस, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, केंद्राची समन्वयक. शेजारी बसलेल्या विश्वस्तांना मी फाइल तोंडापुढे धरून म्हणाले, "आता बहिऱ्यांनाही घ्यायचं का आपण?" फाइल धरली होती म्हणून बरं, नाहीतर समोर बसून त्यांना त्यातला शब्द न् शब्द कळला असता. हे मला पुढे सहा महिन्यांनी समजलं.

दहावी पास ही अट होती. ती त्यांनी दोन वर्षांपूर्वी, सतरा नंबरचा फॉर्म भरून, नातवंडांच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसून पुरी केली होती. इंग्रजी तिसऱ्या खेपेला सुटलं म्हणाले. विश्वस्तांनी ओरडून विचारलं, "या वयात हे काम का करायचंय?"

ते म्हणाले, "पोरगी लांब दिली हुती. बायको आधीच गेली. दर रविवारी पोरीचा फोन यायचा. मला फोनवरचं कायबी कळत न्हाय, पण तसं सांगायची लाज वाटायची. मग मी आपलं म्हणायचो, बरंय, बरंय, सुखात ऱ्हावा. चार वर्षं असं म्हटलं. परत आली तवा कळलं, ती रडून सांगत हुती, अप्पा, मला घेऊन जा. अन् मी म्हणत हुतो बरंय."

मी खाली मान घालून कागदावर लिहिलं, 'प्रेरणा – वैयक्तिक'.

त्यांच्या एकेक तऱ्हा होत्या. पहिली म्हणजे पंखा. कुठल्याही घरात पाय ठेवला की पहिलं वाक्य, "फॅन बंद करा की." सोलापूरचा मे महिना, पत्र्याचं घर, आत सहा माणसं, आणि हे म्हणणार फॅन बंद करा. मग टीव्ही, मग मिक्सर. एकदा एका घरात त्यांनी पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबवायला लावला होता, ती गिरणी शेजाऱ्याची होती. सगळं बंद झालं की दुसरं वाक्य, "उजेडात बसा." दाराकडे तोंड करून, जसं काही फोटो काढायचाय. आणि हे समोर मांडी घालून त्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बसणार. घाम गळायला लागला की माणसं लवकर मुद्द्यावर येतात, असं मी तेव्हा चेष्टेनं म्हणायचे.

चहा तिसऱ्या भेटीपर्यंत घ्यायचा नाही, ही दुसरी तऱ्हा. फक्त पाणी. "चहा घेतला की पाव्हणा झालो. पाव्हण्यापुढं कोण खरं बोलतंय?" पहिल्या भेटीत प्रश्नही विचारायचे नाहीत. माझा बेचाळीस रकान्यांचा फॉर्म होता, तो मी रात्र रात्र बसून तयार केला होता. जॉबर तो कोराच परत आणायचे आणि वर शेरा, 'आज माग बंद'. मी चिडून विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, "तार तुटली तर आधी माग थांबवावा लागतो, बाई. चालत्या मागावर गाठ मारायला गेलं तर बोट जातं." त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं एक पेर नव्हतंच.

मला 'बाई' म्हटलेलं आवडायचं नाही. वडील शाळेत मास्तर, आमच्या घरी 'बाई' म्हणजे शाळेतल्या बाई, आदराचाच शब्द, पण मला केंद्रात 'मॅडम' हवं होतं. तसं मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते 'मॅडम बाई' म्हणायला लागले. कार्यालय हसलं. मी नाही हसले.

ते ओठ वाचतात हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. मागाच्या शेडमध्ये कुणाला कुणाचं ऐकूच येत नाही, त्यामुळे तिथे सगळे तसंच बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ. चार माग पलीकडच्या माणसाला 'मालक आला' इथपासून 'बायको माहेरी गेली' इथपर्यंत सगळं कळतं. मागवाल्यांच्या घरातली लहान पोरंही ते शिकतात, शाळा सुटली की आईजवळ शेडमध्येच बसलेली असतात ना. जॉबरांना आवाज लागतच नव्हता. उजेड लागायचा. फिरत्या पंख्यानं कानात एक घरघर सुरू व्हायची आणि लक्ष उडायचं, म्हणून पंखा नको. इतकं साधं कारण होतं, आणि मी सहा महिने ते विचारलं नव्हतं.

माझीही बाजू आहे, ती लिहिते. त्यांना स्वतःचा आवाज कळायचा नाही. एकदा एका चाळीत भेट संपवून आम्ही उतरलो, मी खाली रस्त्यावर पोचले आणि हे वरच्या जिन्यातून ओरडले, "बाई, हिचा नवरा दोन महिने घरी येत न्हाय, ते फॉर्मात लिहू का नको?" तीन मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या. ती बाई आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आमच्या कामात माणसाची गोष्ट चार भिंतींत ठेवायची असते, हे पहिलं शिकवतात. मी त्यांना फैलावर घेतलं. रस्त्यात तोंड उघडायचं नाही असा नियम घातला. त्या बाईच्या दारात दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ते तासभर नुसते उभे राहिले होते, तिनं दार उघडेपर्यंत.

नियम त्यांनी पाळला. रस्त्यात ते माझ्याशी शेडमधलं बोलायला लागले, बिनआवाजाचं. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. आणि कळलं नाही म्हणायला कमीपणा वाटायचा. मग मी मान डोलवायचे. हो, हो. त्यांची लेक चार वर्षं फोनवर रडत होती आणि ते बरंय म्हणत होते. मी तर समोर उभी राहून तेच करत होते, पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येतंय.

एक किस्सा सांगितलाच पाहिजे. एक सतरा वर्षांचा मुलगा होता, आयटीआय सोडलेला. बाप टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे बांधायचा. दोघांत सात-आठ महिने बोलणं नाही, आणि बोलले की मारामारी. तीन भेटी मी स्वतः घेतल्या, दर वेळी बाप दुसऱ्या वाक्याला किंचाळायचा आणि मुलगा उठून जायचा. जॉबरांनी दोघांना केंद्राच्या गच्चीवर नेलं. टळटळीत दुपार. समोरासमोर बसवलं. म्हणाले, "जे म्हणायचंय ते म्हणा. आवाज बंद. फक्त ओट. मी बघतोय, आवाज काढला तर उठून जाणार."

मी जिन्याच्या दारातून बघत होते. बापानं आधी तोंड वेडंवाकडं करून शिव्याच दिल्या असणार. पण बिनआवाजाच्या शिवीत काही जोर राहत नाही. पोराला कळलं नाही, त्यानं भुवया वर केल्या, काय? बापानं पुन्हा सांगितलं, हळू. आता पोराला काय म्हणतोय ते कळायला बापाच्या तोंडाकडे बघणं भाग होतं, आणि बापाला पोराच्या. वीस मिनिटं ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. मग बापाचा हात पोराच्या गालाकडे गेला. गालावर मुरमांचे वण होते, ते त्यानं पहिल्यांदाच बघितले असावेत. मुलगा पुढे आयटीआयला परत गेला.

त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, 'पद्धत अशास्त्रीय, प्रशिक्षणाची गरज'. आणि त्याच वर्षी पुण्याला एका शिबिरात, पन्नासेक समुपदेशकांसमोर, हीच पद्धत मी 'आम्ही विकसित केलेलं निःशब्द संवादाचं तंत्र' म्हणून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, दोघींनी नंबर घेतला. जॉबरांचा उल्लेख मी केला नाही. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "शिबिर कसं झालं, मॅडम बाई?" मी म्हणाले, बरं झालं.

आता ती मुलगी.

सोळा वर्षांची, दहावीतली. जॉबर तिच्या शाळेत एकदा बोलायला गेले होते. माइक नको म्हणाले, त्यांना काय गरज. ओरडूनच सांगितलं, "घरात कुणी ऐकत नसंल तर आमच्या केंद्राच्या माडीवर या. दुपारी या, उजेड असतोय." महिनाभरानं एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ती दप्तरासकट माडीवर आली. आई शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळायची. बाप टेम्पो चालवायचा. घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं, मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावात, परीक्षा व्हायच्या आधी उरकायचं होतं. तिला शिकायचं होतं. हे सगळं तिनं मला नीट, न रडता सांगितलं. मी फॉर्म भरला.

तीन वाजता बाप आला, मागे आई. कुणी सांगितलं कोण जाणे. बाप गोड माणूस होता. हात जोडून म्हणाला, "मॅडम, पोर हाय, शाळेत मार्क कमी पडले म्हणून रुसली. लग्नाचं कुणी काढलंच न्हाय. तुमी म्हणाल तसं लिहून देतो." मी मुलीला विचारलं. ती बापाशेजारी बसली होती, माझ्यासमोर. ती मोठ्यानं, स्पष्ट म्हणाली, "गैरसमज झाला मॅडम. मी घरी जाते."

जॉबर माझ्या शेजारी बसले होते. ते उठले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, हळू बोलायचा प्रयत्न करत, तरी सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलंच, "ती नको म्हणतीया. तोंडानं घरी जाते म्हटली, अन् मग नुसत्या ओटानं तीनदा नको म्हटली. शेडमधलं बोलली ती. सोडू नका, बाई. समितीपुढं न्या."

बालकल्याण समितीपुढे न्यायचं म्हणजे पत्र, फोन, पोलिसांना कळवणं, तोवर मुलीची कुठे तरी सोय. संध्याकाळचे सात वाजले असते. आणि माझी साडेपाचची गाडी होती. मी दर शनिवारी कुर्डुवाडीला घरी जायचे, आणि त्या रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. आईनं दोनदा फोन करून बजावलं होतं, उशीर करू नकोस, चेहरा उतरतो.

हे कारण मी कुणालाच सांगितलं नाही. मी म्हणाले, "काका, तुम्हाला जे बोललेलं असतं ते ऐकू येत नाही, आणि जे कुणी बोललंच नाही ते बरं ऐकू येतं?"

टायपिस्ट हसली. शिपाई हसला. मला वाटतं, मीही थोडी हसले.

जॉबरांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा एकदा बोलेन की काय अशा आशेनं. मी आत गेले. बापाकडून हमीपत्र घेतलं, अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही. खाली लिहिलं, 'मुलगी स्वखुशीने पालकांसोबत जात आहे'. मुलीनं सही केली. वळणदार अक्षर होतं तिचं. साडेपाचची गाडी मला मिळाली. पाहुण्यांना मी पसंत पडले, आज तेच माझे यजमान आहेत, फार चांगला माणूस आहे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ते त्या रविवारची आठवण काढतात, तू पोहे आणताना कशी लाजत होतीस म्हणून. मी हसते आणि आत निघून जाते.

ती केस मी जॉबरांकडून काढून घेतली. पाठपुरावा फोनवर करायचा असं ठरवलं. तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा बापानं उचलला, मुलीला दिला, आणि मुलगी म्हणाली, "बरंय मॅडम." मी रकान्यात लिहिलं, समाधानकारक. तिसऱ्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी जॉबर सायकलवरून घामाघूम होऊन आले. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

"घराला कुलूप हाय. शेजारी म्हणत्यात आठ दिवस झाले, गावाकडं गेल्यात सगळी. समितीला कळवा."

मी म्हणाले, "काल माझं बोलणं झालंय तिच्याशी. ती मजेत आहे."

"फोनवर?"

एवढंच म्हणाले ते. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. पण माझ्याकडे असं बघितलं की मला ते बघणं सहन झालं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या बघण्यामुळेच, त्या मार्चमध्ये वार्षिक मूल्यमापनाचा कागद समोर आला तेव्हा, त्यावर त्यांचं नाव घालून मी लिहिलं: 'श्रवणदोषामुळे कामास अयोग्य. गोपनीयतेचा भंग. मुदतवाढीची शिफारस नाही.' तो कागद हा. त्यातला शब्द न् शब्द नियमात बसणारा होता. विश्वस्तांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

शेवटच्या दिवशी त्यांनी फॉर्मचा गठ्ठा, ओळखपत्र आणि मागावरच्या दिवसांपासून खिशात असलेली सूत कापायची छोटी कात्री, जी केंद्राची नव्हतीच, माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हणाले, कात्री तुमची आहे. त्यांनी ती परत खिशात घातली आणि खाली उतरले. जाताना सवयीनं जिन्यातला पंखा बंद करून गेले.

दोन वर्षांनी ती मुलगी परत आली. पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. ती आता जॉबरांच्या लेकीकडे शिवणकाम करते, बाहेरून बारावी करते आहे, तिचं प्रकरण कोर्टात आहे. जॉबर केंद्रात परत आले नाहीत. मी विश्वस्तांमार्फत विचारलं, त्यांनी निरोप पाठवला, वय झालं. पण ती आली ती दुपार माझ्यापुरती अजून संपलेली नाही, म्हणून तिथेच परत जाते.

तीच खुर्ची. अठराची झालेली, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, हातात एक पिशवी. मला बघून तिनं नमस्कारही केला नाही. "काका कुटं हायत?"

"ते आता नाहीत इथे. तू मला सांग ना. मी आहे."

"त्यांना बोलवा. मग बोलते." आणि तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. मी पाणी दिलं, बाळासाठी बिस्किटं मागवली. तिनं घेतली.

मी स्कूटी काढली. त्यांचं घर मला माहीत नव्हतं. तीन वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाचं घर मी विचारत विचारत गेले. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तीन शिलाई मशिनं, त्यांची लेक एकावर बसलेली, आणि जॉबर दुसऱ्या मशिनखाली उताणे पडून काहीतरी दुरुस्त करत होते. लेकीनं मला ओळखलं. वडिलांच्या पायाला हात लावून त्यांना खुणावलं.

ते उठून बसले, हात पुसले. "या, मॅडम बाई. बसा." आणि लेकीला म्हणाले, "चहा टाक गं. पाव्हण्या आल्यात."

चहा. मला काय ते कळलं. माझ्याकडून खरं ऐकायची त्यांना अपेक्षा उरली नव्हती.

पंखा चालू होता. मी उठून तो बंद केला, दाराकडे तोंड करून बसले आणि सुरुवात केली. म्हणाले, काका, मी तुमच्याशी फार वाईट वागले. मी इतकंच म्हणाले, आणि त्यांनी नजर फिरवली. मशिनकडे. सुईत दोरा नव्हता तो ओवायला लागले. मी बोलत राहिले, पुण्याचं शिबिर, मूल्यमापन, सगळं, आणि ते दोरा ओवत राहिले. कान असलेल्या माणसाला नको असलेलं ऐकावंच लागतं. त्यांना तशी सक्ती नव्हती. माझी माफी त्यांनी घेतली नाही, नाकारलीही नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या लेकीनं मात्र सगळी ऐकली.

शेवटी मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी बघितलं. मी म्हणाले, "ती मुलगी आलीय. तुम्हालाच बोलवतेय."

ते तिथल्या तिथे उभे राहिले. चप्पल घालता घालता विचारलं, "तिच्या डोक्यावरचा फॅन बंद केलाय का?"

"नाही."

"चला मग."

चहा चुलीवरच राहिला.

केंद्रात ते तिच्यासमोर बसले. पंखा बंद. बराच वेळ दोघं बोलत होते आणि खोलीत आवाज फक्त बाळाच्या बिस्किटाचा. मी दारात उभी. तिचे ओठ भराभर हलत होते, मध्येच थांबत होते. एकदा जॉबरांनी डोळे पुसले, एकदा ती हसली. मग ते उठले आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "आता तुमी बसा. उजेडात बसा, बाई."

मी बसले. म्हणाले, "काका, मला ते ओठांचं कळत नाही."

तेव्हा ती मुलगी मोठ्यानं बोलली. दोन वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य. "त्या दिवशी कळलं होतं की तुमाला. तुमी बघत होता माझ्याकडं."

वर मी लिहिलंय की जॉबरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. ते खरं आहे. पण ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, असं जे तुम्हाला वाटलं असेल, ते खरं नाही. खोलीतलं घड्याळ तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर होतं. मी साडेपाचच्या गाडीसाठी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते, आणि घड्याळ बघून नजर खाली आली की ती दिसत होती. 'नको' कळायला शेडमध्ये वाढावं लागत नाही. ते कुणालाही दिसतं. तिनं तीनदा म्हटलं. त्यातलं दुसरं माझ्याकडे बघून म्हटलं होतं.

"हो," मी म्हणाले. ओठ हलले, आवाज फुटला नाही. "हो, मी बघितलं होतं. मला कळलं होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग जॉबरांकडे. त्यांची नजर या वेळी माझ्या तोंडावर होती, हलली नाही.

"मोठ्यानं सांगा," ते म्हणाले. "तिला ऐकू येतंय की."

मी मोठ्यानं सांगितलं. टायपिस्ट आणि शिपाई दारात येऊन उभे राहिले. खाली रस्त्यावरही ऐकू गेलं असेल.